पऱ्हाटीला (कपाशीला) पाते (फुलाच्या कळ्या) कधी, बोंड कधी?

प्रश्न: नागपूरकडची कोरडवाहू पऱ्हाटी, ४५ दिवसांची. पाते लागले, पण गळतात. अवस्था कशा मोजायच्या?

उत्तर १: भाऊ, उगवण ५ ते १० दिवसांत. पाते ३५-४५ दिवसांनी, पात्याचं फूल व्हायला साधारण ३ आठवडे. फूल पहिल्या दिवशी पांढरट, दुसऱ्या दिवशी गुलाबी. पुढं बोंड फुटायला ४५-६० दिवस. थोडी पातेगळ नैसर्गिकच.

उत्तर २: आधी पाणी साचलंय का बघा. काळ्या जमिनीत मुळांना हवा मिळाली नाही की पाते गळतात. चर काढा. मग एनएए (पातेगळ कमी करणारं संजीवक) ४.५ टक्के, १५ लिटरच्या पंपाला ७ मिली, जास्त नको.

उत्तर ३: फुलं लागली की डोमकळ्या शोधा! पाकळ्या गुंडाळलेल्या दिसल्या तर आत गुलाबी बोंडअळी असते. तोडून नष्ट करा.