ध्यानाला बसल्यावर प्रत्यक्षात काय होते? : मराठवाड्यातील साधकांचे अनुभव

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला योग्य अशा जागेचे वर्णन आहे. ती इतकी रम्य असावी की पाखंड्यालाही तेथे तप करावेसे वाटावे. आपल्यापैकी बहुतेकांना पत्र्याच्या खोलीत, दुकानाच्या गल्ल्यामागे किंवा शेतातल्या आखाड्यावरच बसावे लागते. म्हणून आपल्या पद्धतीची महती न सांगता शरीरात आणि मनात काय घडले तेवढेच लिहावे, अशी ध्यान करणाऱ्या सर्वांना मी विनंती केली होती. पद्धत बदलली की अनुभवही बदलतो, असे माझे ठाम मत आहे. ‘शेवटी सगळे एकच’ असे म्हणून हा फरक पुसून टाकला, तर नव्याने बसणाऱ्याला स्वतःला काय मानवेल हे कसे कळावे? आलेले अनुभव पुढे देत आहे.

निवृत्त शिक्षक, औसा तालुका

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी गावी होतो. रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. आमच्या माळवदाच्या घराची भिंत आईवर कोसळली. त्यानंतर कित्येक वर्षे मला त्याच सुमारास जाग येई आणि छाती धडधडू लागे. पुढे इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरास गेलो, तेव्हा उठण्याची घंटा पहाटे 4 वाजता होते हे ऐकूनच मी मनातून हबकलो. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास पाहणे, एवढेच काम होते. मन किती भरकटते, हेच त्यात कळले. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर उठणाऱ्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहणे, दिली गेली आणि त्यानंतर तासभर न हलता अधिष्ठानाला बसलो असताना मांड्यांतून अशी थरथर उठली, की जमीन हलते आहे असे वाटून मी डोळे उघडले. शेजारचा साधक स्थिर होता, वरचे पंखे नेहमीसारखे फिरत होते. सहायक आचार्यांनी ती केवळ संवेदना आहे, अनित्य आहे, पाहत राहा, असे सांगितले. पुढच्या बैठकांत ती येतच राहिली, परंतु गुडघ्याच्या वर सुरू होऊन पोटरीत विरते, इतके तिचे रूप मला दिसू लागले. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर एका अनोळखी माणसाजवळ मी प्रथमच आईविषयी बोललो. पहाटेची जाग अजूनही येते, धडधडही होते. मात्र अंगणात धाव न घेता अंथरुणावरच बसून ती ओसरेपर्यंत पाहत राहतो.

शेतकरी, मानवत तालुका

पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच मिळते. हरभऱ्यात दारे धरताना हातात फावडे असल्यामुळे माळ घेता येत नाही, म्हणून मी ‘रामकृष्णहरी’ श्वासाला जोडून म्हणतो. मन रिकामे होत नाही; पाण्याचा आवाज, विंचूकाट्याची सावधगिरी, सारे जागे असते. कर्जाचा विचार, जो घरी झोपू देत नाही, तेवढा मागे पडतो. घरी पाटावर बसून जप केला, तर मला डुलकी लागते.

गृहिणी, जालना

आम्हा जैनांचे सामायिक, म्हणजे समभावात बसण्याची साधना, 48 मिनिटांचे असते आणि मी ते वाळूची घडी समोर ठेवून करते. समभाव राखायचा असतो, पण आरंभी दिवसभराची बोलाचालीच आठवते. घडी रिकामी होईपर्यंत उठायचे नाही, हे बंधनच मला उपयोगी पडले.

विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

तुपाच्या दिव्यावर त्राटक करतो, म्हणजे ज्योतीकडे एकटक पाहतो. डोळ्यांत पाणी आले की ते मिटायचे. मग मिटल्या डोळ्यांपुढे ज्योतीचा ठसा दिसतो. काही जण त्याला दिव्य प्रकाश समजतात. तो डोळ्याच्या पडद्यावरचा परिणाम आहे, हे कळल्यावरही त्या ठशावर चित्त ठरते, आणि अभ्यासाला बसण्यापूर्वी मला तेवढे पुरते.

परिचारिका, नांदेड

माझ्या धाकट्या भावाचे मानसिक आजाराचे उपचार चालू होते, ही गोष्ट लपवून तो एका निवासी शिबिरात गेला आणि त्याने गोळ्याही थांबविल्या. दीर्घ मौनात त्याची झोप उडाली, भास वाढले आणि त्याला मध्येच घरी आणावे लागले. औषध पुन्हा सुरू झाल्यावर तो सावरला. आता डॉक्टरांच्या संमतीने तो सकाळी थोडा वेळ डोळे उघडे ठेवून श्वास मोजतो, आणि तेही कोणीतरी घरात असतानाच.

शेवटच्या अनुभवामुळे माझी एक मागणी आहे. शिबिराचा अर्ज भरताना आजार आणि औषधे खरी लिहा, आणि उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. खुलताबादच्या परिसरात जिक्र (सूफींचे नामस्मरण) करणारे आणि नांदेडला गुरुद्वाऱ्यात सिमरन (शिखांचे नामस्मरण) करणारे यांचे अनुभव अद्याप आलेले नाहीत. ज्यांनी ध्यान सुरू करून सोडले त्यांनीही, कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे सोडले, ते अवश्य लिहावे.