'डिस्चार्ज' हा शब्द तुम्हाला कुठे आणि कोणत्या अर्थाने भेटला?

आईच्या पोटाच्या ऑपरेशनला पाच दिवस झाले होते. सकाळी ड्रेसिंग करताना सिस्टर डॉक्टरांना म्हणाल्या, "अजून डिस्चार्ज आहे." आईने त्यातला 'डिस्चार्ज' तेवढाच ऐकला. मी खालून औषधं घेऊन येईपर्यंत तिने टॉवेलची घडी करून पिशवी भरली होती आणि केस विंचरून पलंगाच्या कडेला बसली होती. सिस्टर जखमेतल्या स्रावाबद्दल बोलत होत्या. घरी जायला आणखी चार दिवस आहेत हे सांगताना माझा घसा दाटून आला. एकाच वॉर्डात हा शब्द दोन अर्थांनी दिवसभर फिरत असतो. तुम्हालाही त्याने असं कधी गाठलं असेल तर जरूर लिहा.

---

मी भाषांतरं करते. 'डिस्चार्ज्ड हिज ड्यूटीज'चं मी एकदा "त्याला कर्तव्यातून मुक्त केलं" असं केलं होतं. अर्थ पार उलटा! त्याने कर्तव्य बजावलं होतं. मध्ये 'फ्रॉम' असेल तरच माणूस कामातून मोकळा होतो. आता मी आधी 'फ्रॉम' शोधते.

---

आम्हा धरणावरच्या लोकांचा डिस्चार्ज म्हणजे विसर्ग, तो क्युसेकमध्ये मोजायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. लेकीने विचारलं, "बाबा, 'दुःख'मधला विसर्ग तो हाच का?" हो, दोन्हींच्या मुळाशी 'सोडणे'च आहे. तिथे श्वास सुटतो, इथे पाणी. तिच्या प्रश्नाने मलाच नवं काही सापडलं.

---

"बॅटरी डिस्चार्ज झाली, म्हणजे गेली का?" असं गिऱ्हाईक घाबरून विचारतं. गेली नाही, फक्त उतरली. पण लेड-ॲसिड बॅटरी तशीच उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग मात्र ती खरंच जाते.

---

बॅटरीवाले दादा, तुमचा 'उतरली' मुळाच्या सगळ्यांत जवळ आहे. लॅटिन 'कार्रुस' म्हणजे गाडा. त्यात माल भरला तो चार्ज, उतरवला तो डिस्चार्ज. फ्रेंचमधून हे इंग्रजीत आलं. जहाजातला माल उतरवण्याला आजही डिस्चार्जच म्हणतात.

---

पहिला अनुभव वाचून गलबलून आलं. मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. यापुढे पेशंटसमोर "जखम अजून ओली आहे" असंच म्हणेन. काकू आता बऱ्या आहेत ना?