माल्टाचे खरे स्वातंत्र्य १९६४ चे की १९७९ चे? डॉम मिंटॉफ यांच्या कारकिर्दीविषयी चर्चा

भूमध्य (धागाकर्ता)

माल्टा हा चिमुकला देश वर्षातून पाच राष्ट्रीय दिन पाळतो, आणि त्यांतील तीन तारखा एकाच प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे आहेत. २१ सप्टेंबर १९६४ रोजी ब्रिटनने सत्ता सोडली, १३ डिसेंबर १९७४ रोजी देश प्रजासत्ताक झाला आणि ३१ मार्च १९७९ रोजी ब्रिटिश लष्कराचा शेवटचा तळ बंद झाला. यांपैकी खरा स्वातंत्र्यदिन कोणता, यावर नॅशनॅलिस्ट आणि लेबर या दोन पक्षांचे कधीच एकमत झाले नाही, म्हणून अखेर ७ जून आणि ८ सप्टेंबर या जुन्या दिवसांसह पाचही तारखांना समान मान देण्यात आला. माझे मत मी सुरुवातीलाच मांडतो. १९६४ मध्ये माल्टाला राज्यघटना मिळाली, पण देश स्वतःच्या मालकीचा झाला तो १९७९ मध्येच, आणि ते श्रेय लेबर पक्षाचे नेते डॉम मिंटॉफ यांचे आहे.

१९६४ नंतरची स्थिती पाहावी. राष्ट्रप्रमुख ब्रिटनची राणी, तिचा पहिला गव्हर्नर जनरल ब्रिटिश, बंदरात ब्रिटिश आरमार आणि बेटावरच नाटोच्या भूमध्य सागरी दलाचे मुख्यालय. संरक्षण करारानुसार ब्रिटनने दहा वर्षांत पाच कोटी पौंडांचे साहाय्य द्यायचे होते आणि त्यातलाही काही भाग कर्जाच्या रूपात होता. बोर्मला या गोदीच्या गावात १९१६ साली जन्मलेल्या आणि वडील ब्रिटिश आरमारात स्वयंपाकी असलेल्या मिंटॉफ यांना या व्यवस्थेचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून ते स्थापत्यतज्ज्ञ म्हणून परतले, तेव्हा त्यांचे गाव दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबवर्षावात उद्ध्वस्त झालेले होते, आणि ते उद्ध्वस्त होण्याचे कारण शेजारची ब्रिटिश गोदी हेच होते.

जून १९७१ मध्ये केवळ एका जागेच्या बहुमताने ते पुन्हा पंतप्रधान झाले. त्यांनी नाटोच्या इटालियन अ‍ॅडमिरलला देश सोडायला सांगितले, अमेरिकेच्या सहाव्या आरमाराच्या भेटी बंद केल्या आणि तळाचे भाडे वाढवून मागितले. ब्रिटनने सैन्य हलवायला सुरुवात करूनही ते मागे हटले नाहीत. मार्च १९७२ मध्ये झालेल्या करारात ब्रिटन आणि नाटोतील इतर काही देश मिळून वर्षाला एक कोटी चाळीस लाख पौंड देण्यास कबूल झाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तळ सोडण्याची तारीख कागदावर आली. सुमारे सव्वातीन लाख वस्तीच्या देशाने हे करून दाखवले, याचे मोल आपण कमी लेखू नये असे मला वाटते. उलट मत असणाऱ्यांनी ते अवश्य मांडावे.

सनदशीर

मांडणी प्रभावी आहे, पण तिच्यात एक मोठी पोकळी आहे. १९७२ साली मिंटॉफ लंडनशी वाटाघाटी करत होते ते कोणत्या अधिकाराने? एका सार्वभौम देशाचे पंतप्रधान म्हणून. ती सार्वभौमता नॅशनॅलिस्ट पक्षाचे पंतप्रधान जॉर्ज बोर्ग ऑलिव्हिए यांनी १९६४ मध्ये मिळवली होती, आणि ती मिळवताना मिंटॉफ यांच्या पक्षाने त्या राज्यघटनेला विरोध केला होता. गव्हर्नरच्या हाताखालच्या वसाहतीचे पंतप्रधान असताना याच मिंटॉफ यांना ब्रिटनकडून काय मिळाले होते, ते १९५८ मध्ये दिसले. त्यांनी राजीनामा दिला, दंगली उसळल्या आणि ब्रिटनने राज्यघटना गुंडाळून गव्हर्नरची थेट राजवट आणली. १९७२ मध्ये ब्रिटनला तसे करता आले नाही, कारण मध्ये १९६४ घडून गेले होते.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. ज्यांना आपण स्वातंत्र्याचे शिल्पकार म्हणता, त्यांनीच १९५५-५६ मध्ये माल्टा ब्रिटनमध्ये विलीन करावा, वेस्टमिन्स्टरच्या संसदेत माल्टाचे तीन खासदार बसावेत, असा प्रस्ताव मांडला होता. फेब्रुवारी १९५६ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांनी होकार दिला खरा, पण मतदान झाले होते जेमतेम ५९ टक्के, म्हणजे एकूण मतदारांपैकी निम्म्यांहूनही कमी लोकांचा होकार. १९५६ मध्ये विलीनीकरण, १९५८ मध्ये फारकत आणि १९७१ मध्ये अलिप्तता, हा प्रवास तत्त्वनिष्ठेचा आहे की त्या त्या वेळी जे पदरात पडेल ते घेण्याचा, याचे उत्तर धागाकर्त्यांनी द्यावे.

मांडवीकाठ

सनदशीर, विलीनीकरणाची मागणी म्हणजे स्वाभिमानाचा अभाव, हे गृहीतक मला पटत नाही. मी गोव्याचा आहे. १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने मत देणारे माझ्या घरातही होते आणि विरोधात देणारेही होते, परंतु त्यांपैकी कोणालाही गोव्याची कमी माया होती असे मी म्हणू शकत नाही. लहान प्रदेशाने मोठ्याशी नाते कसे जोडावे, याचा तो प्रामाणिक मतभेद होता.

मिंटॉफ यांच्या मागणीचा गाभा समतेचा होता. ब्रिटिश गोदीत काम करणाऱ्या माल्टी कामगाराला ब्रिटिश कामगाराच्या तोडीचे वेतन आणि सामाजिक सुरक्षा मिळावी, एवढाच तिचा अर्थ होता. ब्रिटनला बेटाचा उपयोग हवा होता, पण त्याची ही किंमत नको होती. शिवाय १९५७ च्या सुमारास ब्रिटनचे संरक्षण धोरण बदलले, गोदीतल्या नोकऱ्याच धोक्यात आल्या आणि बोलणी फिसकटली. समान नागरिक म्हणून घेणार नसाल तर आम्ही वेगळे होतो आणि मग तुमच्या तळाचे पूर्ण भाडे वसूल करतो, ही १९५६ ते १९७२ पर्यंतची एकच सलग भूमिका आहे. मागणीचे रूप बदलले, पण मूळ प्रश्न तोच राहिला.

पणती

या चर्चेत ब्रिटनचेच नाव सारखे येत आहे, पण सामान्य माल्टी माणसाच्या आयुष्यावर ब्रिटिश गव्हर्नरइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, सत्ता चर्चची होती. मिंटॉफ यांचे मोठेपण मला त्या लढ्यात दिसते.

८ एप्रिल १९६१ रोजी आर्चबिशप मायकल गोंझी यांनी लेबर पक्षाच्या कार्यकारिणीवर धर्मबहिष्कार जाहीर केला. पक्षाचे वृत्तपत्र वाचणे, त्यात लिहिणे, विकणे आणि पुढे लेबरला मत देणे हेसुद्धा महापाप ठरवण्यात आले. जिथे जवळजवळ प्रत्येक घर कॅथलिक आहे, तिथे याचा अर्थ काय होतो, याची कल्पना करावी. पापनिवेदनाला गेलेल्या बाईला आधी नवऱ्याच्या मताविषयी विचारले जाई. लेबर कार्यकर्त्यांचे विवाह चर्चच्या मुख्य वेदीसमोर न होता मागच्या खोलीत उरकले जात. लेबरची सभा सुरू झाली की जवळच्या चर्चच्या घंटा वाजवून भाषणे बुडवली जात. पक्षाचे माजी उपनेते आणि नामवंत कादंबरीकार जुझे एल्लुल मर्सर सप्टेंबर १९६१ मध्ये वारले, तेव्हा त्यांना आद्दोलोराता स्मशानभूमीच्या पवित्र न केलेल्या कोपऱ्यात पुरण्यात आले. त्या जागेला लोक उकिरडा म्हणत. आयुष्यभर श्रद्धेने जगलेल्या माणसाच्या घरच्यांनी ते कसे सोसले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अशा दडपणाखाली १९६२ ची निवडणूक झाली आणि लेबरला ५० पैकी १६ जागा मिळाल्या. सनदशीर ज्या १९६४ चा गौरव करतात, त्या वर्षीचे सरकार या निवडणुकीतून आले होते. चर्चशी तडजोड १९६९ मध्ये झाली आणि तिच्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत मिंटॉफ जिंकले, हा योगायोग नव्हे. त्यांनी पुढे १९७३ मध्ये समलिंगी संबंध आणि व्यभिचार यांना फौजदारी गुन्ह्यांच्या यादीतून वगळले आणि १९७५ मध्ये नागरी विवाहाचा कायदा केला. माझ्या दृष्टीने माल्टाच्या स्वातंत्र्याचा इतिहास या कायद्यांशिवाय पूर्ण होत नाही.

सनदशीर

पणती यांचा प्रतिसाद वाचून त्या बहिष्काराविषयी मला दोन शब्दही विरोधात लिहायचे नाहीत. तो अन्यायच होता. परंतु ज्याने असा अन्याय सोसला, त्याच्याकडून सत्तेत आल्यावर विरोधकांच्या बाबतीत अधिक संयमाची अपेक्षा होती, आणि नेमकी तीच पूर्ण झाली नाही.

१५ ऑक्टोबर १९७९. धाग्यात ज्या ३१ मार्चचा गौरव आहे, त्यानंतरचा अवघा सातवा महिना. पंतप्रधानांच्या कचेरीत शिरलेल्या एका माणसाने गोळीबार केल्याची बातमी पसरली आणि लेबरच्या समर्थकांचा जमाव राजधानी व्हॅलेटात उतरला. विरोधी विचारांचे टाइम्स ऑफ माल्टा हे दैनिक जिथे छापले जाई, ती प्रोग्रेस प्रेसची इमारत जाळण्यात आली. जमाव पुढे विरोधी पक्षनेते एडी फेनेक आदामी यांच्या घरात घुसला, सामानाची मोडतोड झाली आणि त्यांच्या पत्नीला मारहाण झाली. परकीय सैनिक गेल्यावर पहिल्याच वर्षी वृत्तपत्राची कचेरी जळत असेल, तर त्या स्वातंत्र्याची फळे कोणाच्या वाट्याला आली?

त्यानंतर डिसेंबर १९८१ ची निवडणूक. तेरा मतदारसंघ, प्रत्येकी पाच जागा, पसंतीक्रमाने मतदान. नॅशनॅलिस्ट पक्षाला सुमारे ५०.९ टक्के मते आणि ३१ जागा, तर लेबरला सुमारे ४९.१ टक्के मते आणि ३४ जागा. केवळ दोन पक्षांत लढत असताना, आणि तीही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने, ज्याला जास्त मते त्याला कमी जागा मिळाव्यात, याचे कारण मतदारसंघांच्या सीमा होत्या, असा विरोधकांचा आरोप होता. विरोधकांनी संसदेवर दीर्घ काळ बहिष्कार घातला. मिंटॉफ मात्र सत्तेवर राहिले. नियमात बसत होते म्हणून राहिले, हे मान्य, पण जनतेच्या सार्वभौमतेचे नाव घेऊन आलेल्या नेत्याला एवढे समर्थन पुरेसे आहे का?

अर्थविचार

दोन्ही बाजू राजकारणात रमल्या आहेत, म्हणून थोडक्यात आर्थिक बाजू मांडतो. किमान वेतन, निवृत्तिवेतनात वाढ, मुलांसाठी भत्ता, सरकारी घरे, एअर माल्टासारखी राष्ट्रीय विमान कंपनी हे सर्व सत्तरच्या दशकातले आहे आणि विमान कंपनी २०२४ मध्ये बंद झाली असली, तरी बाकीचे मोडू आजही कोणता पक्ष धजत नाही. त्याच राजवटीत एका खाजगी बँकेचा ताबा भागधारकांना मोबदला न देता घेण्यात आला, सरकारने एकत्रित आयात सुरू केल्यामुळे दुकानात निवड उरली नाही आणि १९८२ नंतर वेतनवाढ गोठवण्यात आली. गोरगरिबाला आधार देणारे आणि उद्योजकाचा श्वास कोंडणारे धोरण एकाच हाताने राबवले गेले. लिबियाच्या स्वस्त तेलावर आणि मैत्रीवर ठेवलेला भरवसाही १९८० मध्ये डळमळला, जेव्हा माल्टाने नेमलेल्या तेलविहिरीच्या जहाजाला लिबियाच्या युद्धनौकांनी काम थांबवायला लावले.

भूमध्य (धागाकर्ता)

सनदशीर यांच्या दोन मुद्द्यांना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. प्रोग्रेस प्रेसच्या जाळपोळीचे समर्थन मी करणार नाही. पक्षातल्या गुंडांना वेळीच आवर घातला गेला नाही, आणि ती जबाबदारी नेत्याचीच असते.

१९८१ विषयी मात्र पुढचा भाग सांगायला हवा. मिंटॉफ यांनी डिसेंबर १९८४ मध्ये पंतप्रधानपद कारमेनू मिफ्सूद बोनिची यांच्याकडे सोपवले, पण ते खासदार राहिले. १९८७ च्या निवडणुकीपूर्वी राज्यघटनेत दुरुस्ती झाली. ज्या पक्षाला निम्म्याहून अधिक मते मिळतील त्याला गरजेनुसार जादा जागा देऊन बहुमत मिळावे आणि त्याचबरोबर देशाची अलिप्तता व परकीय तळांना बंदी घटनेतच लिहिली जावी, असा तो दुहेरी समझोता होता. नॅशनॅलिस्टांना पहिला भाग हवा होता, मिंटॉफ यांना दुसरा. त्यासाठी आपल्याच पक्षातील अनिच्छुकांना राजी करण्यात मिंटॉफ यांचा वाटा मोठा होता. त्या वर्षी नॅशनॅलिस्टांना पुन्हा ५०.९ टक्के मते पडली आणि जागा पुन्हा ३१ च निघाल्या, पण या वेळी चार जादा जागा मिळून फेनेक आदामी पंतप्रधान झाले. आपला पक्ष सत्तेबाहेर जाणार हे दिसत असताना ही दुरुस्ती होऊ देणे, यालाही त्यांच्या खात्यात जमा धरावे लागेल.

सनदशीर

जमा धरतो. पण त्या दुरुस्तीसाठी पाच वर्षे जावी लागली आणि डिसेंबर १९८६ मध्ये रेमंड कारुआना हा तरुण नॅशनॅलिस्ट पक्षाच्या क्लबात गोळीबारात मारला गेला, हेही त्याच खात्यात नोंदवावे लागते.

मांडवीकाठ

अजून कोणी १९९८ काढले नाही, याचे मला नवल वाटते. मिंटॉफ तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते आणि आल्फ्रेड सांत यांच्या लेबर सरकारला एकाच जागेचे बहुमत होते. बिर्गूच्या किनाऱ्यावर खाजगी नौकांसाठी धक्का बांधण्याची योजना सरकारने आणली, आणि मिंटॉफ यांनी आपल्याच पक्षाच्या विरोधात मत देऊन ती पाडली. सरकार कोसळले, मुदतपूर्व निवडणूक झाली, लेबर हरला आणि बावीस महिन्यांनी सत्ता गेली. त्या पराभवासाठी पक्षातले पुष्कळ लोक त्यांना कधीच क्षमा करू शकले नाहीत.

याच बिर्गूच्या किनाऱ्यावर ३१ मार्च १९७९ च्या रात्री ब्रिटिश निशाण उतरले होते, आणि तिथल्या स्मारकात ब्रिटिश नाविक आणि माल्टी माणूस हस्तांदोलन करताना दाखवले आहेत. आरमाराकडून परत मिळवलेला किनारा श्रीमंतांच्या नौकांना भाड्याने द्यायचा नाही, या हट्टापायी त्यांनी स्वतःच्या पक्षाचे सरकार घालवले. सनदशीर यांनी विचारले होते, प्रवास तत्त्वनिष्ठेचा की पदरात पडेल ते घेण्याचा. १९९८ मध्ये त्यांच्या पदरात काहीही पडणार नव्हते.

सनदशीर

हा मुद्दा मोलाचा आहे, पण त्याचाच दुसरा अर्थही निघतो. मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडलेले सरकार एका माणसाने आपल्या समजुतीपुढे खुजे ठरवले, तसेच १९८१ मध्ये निम्म्याहून अधिक मतदारांचे मतही खुजे ठरवले गेले होते. देशाचे हित आपल्यालाच सर्वांत चांगले कळते, ही खात्री मिंटॉफ यांच्या मोठ्या कामांच्या मुळाशी होती आणि मोठ्या चुकांच्याही. म्हणून मी २१ सप्टेंबरच्या बाजूने उभा आहे. त्या दिवशी मिळालेल्या राज्यघटनेनेच पुढे त्यांच्या पक्षाला सत्तेवर आणले आणि मतपेटीतून पायउतारही केले.

भूमध्य (धागाकर्ता)

आणि मी ३१ मार्चच्याच बाजूने. त्या राज्यघटनेत परकीय तळांना बंदी घालणारे कलम १९६४ मध्ये नव्हते. ते १९८७ मध्ये आले, दोन्ही पक्षांच्या मतांनी आले, आणि माल्टा १ मे २००४ रोजी युरोपीय संघात गेल्यावरही ते तसेच आहे. संघप्रवेशाला मिंटॉफ यांनी अखेरपर्यंत विरोध केला होता, त्याविषयी वेगळा धागा काढावा असे वाटते, कारण तिथे मी त्यांच्या बाजूने नाही.