मदत हवी आहे: पिकअपची उजवी डीआरएल दिवसा प्रचंड तापते, मागचं प्लास्टिक मऊ पडलंय

करवीर_पिकअप

नमस्कार मंडळी. माझा पिकअप आहे, एमएच ०९, स्वतःच चालवतो. शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग (ओतीव भाग) उचलायचं आणि गोकुळ शिरगावला नाहीतर कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीला टाकायचं, हे रोजचं काम. अधूनमधून गगनबावड्यावरून खाली कोकणातलं भाडं लागतं. पावसाळ्यात त्या घाटात भर दुपारीही दहा पावलांवरचं दिसत नाही. समोरच्याला आपण दिसावं म्हणून पुढे एलईडीच्या डीआरएल (दिवसा लागणाऱ्या दिव्यांच्या) पट्ट्या बाहेरून बसवून घेतल्या. दुहेरी रंगाच्या आहेत. चावी फिरवली की पांढऱ्या लागतात, इंडिकेटर दिला की त्याच पिवळ्या होऊन उघडझाप करतात. बसवताना कंपनीचे पुढचे इंडिकेटर बल्ब काढून टाकले. हेडलाइट लावला की पट्ट्या बंद व्हाव्यात म्हणून रिलेही आहे.

आता अडचण सांगतो. उजवी बाजू भयंकर तापते. परवा कागलला माल उतरवताना जळक्या प्लास्टिकचा वास आला म्हणून बोनट उघडलं, तर उजव्या हेडलाइटच्या मागचं काळं प्लास्टिक एका जागी तपकिरी पडून दबलेलं. बोट लावलं तर मऊ. शेजारच्या वायरींवरची टेप वितळून चिकट झालीय. डावी बाजू मात्र नुसती कोमट. दोन्ही पट्ट्या एकाच जोडीतल्या, एकाच दिवशी बसवलेल्या.

आणखी दोन गोष्टी, उपयोगी पडतील म्हणून. रात्री हेडलाइट लावून कितीही लांब गेलो तरी उजवी बाजू तापत नाही, सगळा ताप दिवसा. आणि उजवा इंडिकेटर पहिल्यापासून भरभर उघडझाप करतो, डावा नीट चालतो. १० अँपिअरचा फ्यूज आहे, तो एकदाही उडालेला नाही. ज्यांनी बसवलं ते म्हणतात, ऊन आणि इंजिनाची उष्णता आहे, एलईडी थोडी तापणारच.

गाडीवर घर चालतं. भरलेल्या गाडीला रस्त्यात आग लागली तर काय करायचं, या विचाराने झोप लागत नाही. कारण काय असेल? तोवर गाडी चालवू का?

पंचगंगाकाठ

पहिलं काम म्हणजे डीआरएलचा फ्यूज आत्ताच्या आत्ता काढा. पांढऱ्या पट्ट्या बंद राहिल्या म्हणून गाडी अडत नाही. आपल्याकडे चारचाकींना डीआरएलची सक्ती नाही. १ एप्रिल २०१७ पासून सक्ती आली ती दुचाकींच्या आपोआप लागणाऱ्या हेडलाइटची. इंडिकेटर चालतात का ते एकदा बघा आणि तेवढ्यावर धंदा चालू ठेवा. प्लास्टिक मऊ पडलंय म्हणजे ही साधी कोमट उष्णता नव्हे.

मला अल्टरनेटरचा (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करतो तो) संशय येतो. त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला की व्होल्टेज वाढतं आणि बाहेरून लावलेल्या एलईडीचं करंट सांभाळणारं सर्किट तापतं. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावा. १३.८ ते १४.५ च्या मधे आलं तर ठीक. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बघायला लागेल.

करवीर_पिकअप

फ्यूज काढला, धन्यवाद. मोजलं. इंजिन चालू असताना १४.२, रेस दिली तरी तेवढंच.

गूळवाला पिकअप

मग अल्टरनेटर न्हाई. तसं असतं तर दोन्ही बाजू सारख्याच तापल्या असत्या की भावा.

मला वाटतं चिखल बसला असंल. पट्टीच्या मागं ॲल्युमिनियमचा कंगवा असतोय, तिथनं एलईडीची उष्णता बाहेर पडती. गुऱ्हाळावर गुळाचे रवे भरायला जातोय तवा माझ्या गाडीला हीच गत हुती, चिपाडाचा भुगा आणि चिखल मिळून थर बसला हुता. ब्रशनं आणि साध्या पाण्यानं धुवा, वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्यानं न्हाई. तापलेल्या काचेवर जोरात पाणी मारलं तर तडा जातोय आणि सांधा उघडून आत पाणी शिरतंय.

मीबी एक विचारतो इथंच. माझ्या गाडीत कंपनीचीच डीआरएल हाय, २१ वॅटचा बल्ब. डाव्या बाजूचं कपलर (वायर जोडायचा प्लग) काळं पडलंय. बल्ब बदलला तरी पंधरवड्यात परत तेच.

फाउंड्रीवाला

करवीर, अंदाज बांधण्याआधी उष्णता नेमकी कुठून येते ते शोधा. पट्टी तापते म्हणताय, पण वितळलंय ते हेडलाइटच्या मागचं प्लास्टिक. दोन्हींत वीतभर तरी अंतर असेल.

मी शिरोलीला फाउंड्रीत आहे, आमचं सगळं काम तापमानावर चालतं. कुणाकडून तरी टेंपरेचर गन मिळवा, तुमचा माल उचलता तिथेच मिळेल. फ्यूज थोडा वेळ परत लावा, गाडी सावलीत उभी करून इंजिन बंद ठेवा, चावी चालू. म्हणजे ऊन नाही आणि इंजिनही नाही, ती शंका तिथेच मिटेल. शेजारी कुणीतरी उभं राहा. दहा-पंधरा मिनिटांनी पट्टीची पुढची बाजू, मागची बाजू, जोड आणि मागे जे काही लटकतंय ते सगळं वेगवेगळं मोजा.

एक काळजी घ्या. चकचकीत धातूवर ती गन खोटं, कमी तापमान दाखवते. त्या जागी आधी काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरून मोजा. हात लावून बघू नका.

करवीर_पिकअप

तुम्ही म्हणालात तसंच केलं. पट्टीची मागची बाजू ५० च्या आसपास, दोन्हीकडे सारखी. चिखल फारसा नाही. पण उजव्या हेडलाइटच्या मागे, वायरींच्या जुडग्यात, सोनेरी रंगाचा बोटाएवढा कंगोरेदार तुकडा प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला सापडला. त्याला दोन वायरी आहेत. गनने नुसता मोजला तर ६० च्या घरात. टेप लावून मोजला तर १४० च्या वर! प्लास्टिक दबलंय ते बरोबर त्याच्या समोर.

डाव्या बाजूलाही तसाच तुकडा आहे, तो गार.

उद्यमनगर वायरमन

दादा, सापडलं. फ्यूज परत काढून ठेवा आणि शांतपणे वाचा.

तो सोनेरी तुकडा म्हणजे रेझिस्टर, करंट खाऊन नुसता तापणारा भाग. अंगावर बारीक अक्षरात ६ ओहम, ५० वॅट असं काहीतरी असणार. तो का लावतात, तर तुमचा जुना इंडिकेटर बल्ब होता २१ वॅटचा. त्याजागी आलेली एलईडी जेमतेम काही वॅट खाते. लोड कमी झाला की फ्लॅशरला (इंडिकेटरची उघडझाप करवणाऱ्या भागाला) वाटतं बल्ब उडालाय आणि तो उघडझाप जलद करतो. एरवी मिनिटाला ६० ते १२० च्या मधे उघडझाप हवी. लोड भरून काढायला इंडिकेटरची वायर आणि अर्थिंग (गाडीचा पत्रा) यांच्यामधे हा रेझिस्टर टाकतात. तिथे बसवला तर इंडिकेटर देईल तेवढाच वेळ, तोही अर्धा-अर्धा वेळ, त्यातून करंट जातो. वळण संपलं की तो गार. तुमच्या डाव्या बाजूला तसंच आहे.

उजवीकडे तो इंडिकेटरच्या वायरीवर नसून पांढऱ्या डीआरएलच्या वायरीवर जोडलेला दिसतोय. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्यात बसतात. डीआरएल चावीबरोबर लागते, म्हणून दिवसभर तापतो. रात्री हेडलाइट लावला की रिले डीआरएल तोडतो, म्हणून रात्री गार. आणि उजव्या इंडिकेटरला लोड मिळालाच नाही, म्हणून तो पहिल्यापासून भरभर चालतोय.

हिशोब बघा. चालू गाडीत १४ व्होल्ट, भागिले ६ ओहम, म्हणजे सुमारे २.३ अँपिअर. १४ गुणिले २.३ म्हणजे ३३ वॅटच्या आसपास. उजेड शून्य, सगळीच्या सगळी उष्णता. बंपरच्या आत दिवसभर छोटी इस्त्री चालू ठेवल्यासारखं आहे ते. वर लिहिलेले ५० वॅट हे तो धातूच्या जाड पत्र्यावर बोल्टने कसून बसवला तरच. वायरींच्या जुडग्यात लटकवला तर उष्णता जाणार कुठे? साध्या पीव्हीसी वायरीचं कव्हर ७० ते १०५ अंशांपर्यंतच टिकतं, तुमच्याकडे १४० झालेत.

फ्यूज का उडत नाही याचं उत्तरही इथेच आहे. फ्यूज १० अँपिअरचा, दोन्ही पट्ट्या आणि रेझिस्टर मिळून करंट ३-४ अँपिअर. फ्यूज शॉर्ट झाल्यावर वाचवतो. हळूहळू भाजणाऱ्या वस्तूचा त्याला पत्ताच लागत नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून बघा. फ्यूज लावून चावी चालू, इंजिन बंद, इंडिकेटर द्यायचा नाही. मल्टीमीटर रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. १२ च्या आसपास दिसलं तर वायर चुकली. शून्य दिसलं तर ती बरोबर आहे आणि मग पुढचं बघू.

गूळवाला भाऊ, तुमचं वेगळं आहे. तुमच्या कपलरची पिन सैल झालीय किंवा हिरवी पडलीय. करंट दोनच अँपिअर असला तरी पिनेत एक ओहमचा अडथळा आला की चार वॅट त्या एवढ्याशा पिनेवर तापतात. बल्ब बदलून उपयोग नाही. होल्डर आणि पिना दोन्ही नव्या घाला, काळी पडलेली वायर मागे चांगलं तांबं लागेपर्यंत कापा. आणि बल्ब २१ वॅटचाच घाला, जास्त उजेडासाठी मोठा नको.

करवीर_पिकअप

उजवीकडे १२.३. डावीकडे शून्य, आणि डावा इंडिकेटर दिला की आकडा येतो-जातो. अगदी तुम्ही म्हणालात तसं.

मनावरचं ओझं उतरलं. ऊन, इंजिन, पट्टी खराब, सगळं ऐकून घेतलं होतं, या तुकड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आता काय करून घेऊ?

उद्यमनगर वायरमन

दोन मार्ग आहेत. एक, रेझिस्टर इंडिकेटरच्या वायरीवर घ्या आणि दोन्ही बाजूंचे रेझिस्टर गाडीच्या पत्र्यावर नट-बोल्टने बसवा, मधे थर्मल पेस्ट (उष्णता पत्र्यात नेणारा लेप) लावून, प्लास्टिक आणि वायरींपासून लांब. डावा आज गार आहे म्हणून सोडू नका. गाडी बंद पडून घाटात तासभर चारही इंडिकेटर चालू ठेवावे लागले तर तोही तापेल.

दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. कंपनीचे २१ वॅटचे इंडिकेटर बल्ब परत बसवा, पट्टीची पिवळ्या उजेडाची वायर टोक बंद करून मोकळी ठेवा, पट्ट्या फक्त पांढऱ्यासाठी वापरा. रेझिस्टर दोन्हीकडचे काढूनच टाका. ज्याची गरज नाही ती उष्णता गाडीत ठेवायची कशाला? काही गाड्यांत फ्लॅशर सुटा मिळतो आणि एलईडीचा घातला की काम होतं. पण बऱ्याच नव्या गाड्यांत तो कंट्रोल मोड्यूलच्या (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या) आतच असतो, तिथे ते जमत नाही.

काहीही करा, भाजलेल्या वायरी बदला. त्यांच्यावर नुसती टेप गुंडाळून देणाऱ्याकडून काम घेऊ नका. जोड क्रिंप करून (धातूची टोपी दाबून) त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) हवी. आणि फ्यूज १० ऐवजी ५ चा घाला. रेझिस्टर निघाल्यावर दोन पट्ट्यांना तो भरपूर आहे.

पंचगंगाकाठ

माझा अंदाज चुकला, पण कारण सापडलं याचा आनंद आहे.

करवीर, गगनबावड्याचं लिहिलंत म्हणून सांगतो. अशा जोडणीत डीआरएल लागली की फक्त पुढे उजेड असतो. मागचे टेललाइट बंदच असतात. धुक्यात समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसता, पण मागून उतरणारी एसटी किंवा भरलेला ट्रक तुम्हाला बघू शकत नाही. घाटात धुकं लागलं की सरळ हेडलाइट लावा, डिपरवर. अप्पर नको, धुक्यावरून उजेड उलटा डोळ्यांवर येतो. ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या मागे दिवे नसतात म्हणून आपण किती ओरडतो, निदान आपली मागची बाजू तरी दिसू दे.

करवीर_पिकअप

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हेडलाइट बंद ठेवून चावी चालू केली आणि मागे जाऊन बघितलं, खरंच अंधार. यापुढे घाटात डिपर.

उद्यमनगरात दुसऱ्या एका इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेतलं, दुसऱ्या मार्गाने. जुने बल्ब परत बसले, दोन्ही रेझिस्टर काढले, भाजलेल्या वायरी बदलल्या, फ्यूज ५ चा. आता उजवा इंडिकेटरही डाव्यासारखाच चालतो. दिवसभर कागलच्या फेऱ्या करून आल्यावर मागे हात लावला, दोन्ही बाजू सारख्याच कोमट.

राहिला प्रश्न दबलेल्या प्लास्टिकचा. भोक पडलेलं नाही, पण कडेला लहर आलीय आणि मागचं रबरी झाकण पूर्वीइतकं घट्ट बसत नाही. अख्खा हेडलाइट बदलावा लागेल का?

उद्यमनगर वायरमन

लगेच नको. आधी नवं रबरी झाकण घालून बघा, ते स्वस्तात मिळतं. मग पाईपने साधं पाणी सोडा आणि रात्रभर गाडी तशीच ठेवा. सकाळी काचेच्या आत कडेला थोडी वाफ धरून ती हेडलाइट लावल्यावर विरली तर चालेल. थेंब साचून खाली ओघळले तर पाणी शिरतंय, मग बदला. सिलिकॉन लावलंत तर फक्त त्या लहर आलेल्या कडेला. हेडलाइटला मागे हवा जायची छोटी नळी असते, ती बुजवू नका. पावसाळ्याच्या आधी हे उरकून घ्या.