सवलतीचं तिकीट: कुठे चालतं, कुठे अडतं

दिवाडकार
आज धक्क्यावर एक आजी सुटे पैसे मुठीत घट्ट धरून उभी दिसली नि जुने दिवस आठवले. गोव्याच्या नेहमीच्या फेरीबोटीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्याला जे पक्कं ठाऊक ते लिहा रे.

बांदेकरीण
सावंतवाडीहून पणजीला येताना आधी गाडी कोणाची ते बघा. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पण पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीपर्यंतच. पुढे पूर्ण भाडं. गोव्याच्या कदंब बसमध्ये ही सवलत नाही. शिवाय अपघात सहायता निधी लागतो, एसी गाडीत जीएसटी, म्हणून नेमकं निम्मं येत नाही. कंडक्टरशी भांडू नका.

सत्तरीकर
बेळगावकडच्या ‘शक्ती’चंही, म्हणजे बायकांच्या फुकट बसप्रवासाच्या योजनेचं, तसंच. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना, राज्याच्या आत. आंतरराज्य गाडीत चालत नाही.

मये_तळें
चोर्ला घाटात धुकं आहे काय आता?

सत्तरीकर
सकाळी दाट. उन्हं वर आली की निघा.

थिवी_स्टेशन
मुंबईला कॅन्सरच्या उपचाराला जाणाऱ्यांसाठी नीट लिहितो. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. सेकंड एसीला दोघांना ५०. दाखला रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातच हवा, डॉक्टरची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक सगळं. अडतं ते इथेच: लेटरहेडवर चार ओळी लिहून आणतात आणि खिडकीवरून परत येतात. उपचार सुरू व्हायच्या आधीच तो नमुना भरून घ्या. तिकीट ऑनलाइन नाही, खिडकीवरच.

बांदेकरीण
देव करो नि कोणाला लागू नये. पण सेव्ह करून ठेवते.

म्हापसा_बाजार
बाबांना ६८ वर्षं, रेल्वेत ४० टक्के ना? घाईत आहे, मासे घ्यायचेत.

थिवी_स्टेशन
नाही रे, ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद. खालचा बर्थ मात्र मिळू शकतो, पुरुष ६०, बाई ४५ पासून. एका तिकिटावर एकटे किंवा दोघेच ठेवा. तिसरं नाव घातलं की खालच्या बर्थचा तो राखीव कोटा लागत नाही.

म्हापसा_बाजार
हे ठाऊकच नव्हतं! आम्ही चौघं एकाच तिकिटावर घालतो.

दिवाडकार
आणि त्या आजीसारख्यांसाठी: ओहोटीला रॅम्प खाली जातो, कडेला शेवाळ असतं. आधी गाड्या उतरू द्या, मग मधून चाला.