मदत हवी आहे: उधारीची मोठी ऑर्डर घ्यावी का?

मैत्रिणींनो, जरा सल्ला हवाय. मी घरून कापडी लॅपटॉप बॅगा शिवते. आतापर्यंत सुट्या ऑर्डरी, पैसे हातोहात. आता एका कंपनीने एकदम 200 बॅगा मागितल्यात, पण पैसे माल पोचल्यावर 60 दिवसांनी. कापड, फोम, चेन, अस्तर सगळं मला आधी रोखीने घ्यावं लागणार, शिवाय मदतनीस ताईंची मजुरी दर आठवड्याला. म्हणजे कागदावर नफा आणि हातात खडखडाट! निम्मा अॅडव्हान्स मागितला तर ऑर्डर हातची जाईल का? की माल दोन-तीन टप्प्यांत देऊन प्रत्येक टप्प्याचं बिल वेगळं करावं? असं कुणी केलंय का?

दुसरं, दराचं. खर्चावर 25 टक्के चढवले की विक्रीच्या रकमेवर नफा 20 टक्केच पडतो. त्यात माझे तास वेगळेच. चेनच्या टोकाला पट्टी दुमडून शिवायला अख्ख्या सरळ शिवणीपेक्षा जास्त वेळ जातो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "घरबसल्या तर करता, कमी करा की." मशीनला कुठे कळतं ती घरात आहे की कारखान्यात! तुम्ही स्वतःची मजुरी तासावर धरता की नगावर? मशीनची झीज, वीज, वाया गेलेलं कापड कशात धरता?

कर्ज इतक्यात नको वाटतंय. ज्यांनी अशी उधारीची ऑर्डर निभावलीये, त्यांनी लेखी करारात नेमकं काय घालून घेतलं ते जरूर सांगा. कंपनीला परवापर्यंत कळवायचंय.