व्हॉन विलेब्रँड आजार : जवळपासचा योग्य डॉक्टर कसा शोधायचा? (मदत हवी आहे)

मुलगी १७ वर्षांची आहे. नाकाचा घोळणा लहानपणापासून फुटतो. पाळी सुरू झाल्यापासून पहिले दोन-तीन दिवस अंगावरून इतकं जातं की रात्री गजर लावून उठावं लागतं, तरी चादर खराब होतेच. लोहाच्या गोळ्या सुरू असल्या की हिमोग्लोबिन वर येतं, बंद केल्या की पुन्हा खाली. कुठे आपटल्याचं आठवतही नाही आणि मांडीवर हा मोठा काळानिळा डाग.

सोनोग्राफीत काही निघालं नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी रक्त गोठण्याच्या तपासण्या करायला लावल्या. (त्यांचे उपकार. बाकी सगळे 'या वयात असतंच असं' म्हणून मोकळे होत होते.) प्लेटलेट आणि पीटी नॉर्मल, एपीटीटी किंचित लांबलेला (पीटी, एपीटीटी म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या चाचण्या). व्हॉन विलेब्रँड अँटिजेन (रक्त गोठायला मदत करणाऱ्या आणि या आजारात कमी पडणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण) ३४ टक्के, अ‍ॅक्टिव्हिटी (त्याची काम करण्याची ताकद) ३१, फॅक्टर आठ (गोठण्याचा आणखी एक घटक) ४८. रक्तगट ओ.

खरा घोळ इथून पुढे सुरू झाला. एका फिजिशियननी रिपोर्ट पाहून 'ओ गटात हे कमीच असतं, विशेष काही नाही' म्हणून सांगितलं. मग रक्तविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांच्या वेटिंग रूममध्ये जवळजवळ सगळे केमोचे पेशंट. ते स्वतः चांगले होते, सरळ म्हणाले, "माझं काम ल्युकेमिया, लिम्फोमा आणि बोन मॅरोचं. रक्तस्रावाच्या आजारांचं रोज काम करणारं कुणीतरी गाठा." कुठे, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. एका हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा दुसरा एक आजार) केंद्रात फोन लावला, तर काउंटरवरून उत्तर मिळालं, "मुलींना हिमोफिलिया होत नाही" आणि फोन ठेवून दिला. अहो, पण मी हिमोफिलिया म्हटलंच नव्हतं!

घाई यासाठी की तिची खालची अक्कलदाढ आडवी आली आहे आणि सारखी सुजते. दातांचे डॉक्टर रक्ताच्या डॉक्टरांचं लेखी पत्र असल्याशिवाय हात लावायला तयार नाहीत, आणि मला ते पटतं.

विचारायचं ते असं : पाटीवर सगळीकडे 'हिमॅटॉलॉजिस्ट'च लिहिलेलं असतं, मग त्यातला आपल्या कामाचा कोण हे जाण्याआधी कसं कळावं? १७ व्या वर्षी बालविभाग की मोठ्यांचा? आणि तपासणी परत करायची असं सगळे म्हणतात, ती जवळच्या लॅबमध्ये चालेल का? आणखी एक. माझ्याकडे कुणाला असलं काही नाही, पण नणंदेला बाळंतपणानंतर रक्त चढवावं लागलं होतं. याचा संबंध असेल का?

कृपया घरगुती उपाय सुचवू नका. ते सांगणारे आमच्या घरातच भरपूर आहेत.

प्रतिसाद :

मला स्वतःला याच आजाराचा टाइप १ आहे. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या संकेतस्थळावर देशवार उपचार केंद्रांची आणि रुग्णसंघटनांची यादी आहे, तिथून सुरुवात करा. नावात हिमोफिलिया असलं तरी व्हॉन विलेब्रँडही त्यांच्याच कक्षेत येतो. केंद्राआधी रुग्णसंघटनेला फोन करा, कारण कुठले डॉक्टर कुठल्या वारी बसतात हे तिथल्या लोकांना तोंडपाठ असतं.

केंद्रात फोन कराल तेव्हा काउंटरवर अडकू नका, तिथल्या नर्सशी बोलायचंय म्हणून सांगा. मग विचारा : व्हॉन विलेब्रँडचे पेशंट नियमित येतात का? डेस्मोप्रेसिन (शरीरात साठलेलं हे प्रथिन रक्तात सोडायला लावणारं औषध) देऊन फॅक्टर किती वाढतो ते तपासता का? दात काढायचा असेल तर लेखी प्लॅन देता का? तिन्हींना पटकन 'हो' आलं तर तुमचा डॉक्टर सापडला. 'म्हणजे काय?' असं उलट विचारलं तर पुढचा नंबर फिरवा. वयाचं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तेही फोनवरच विचारून टाका.

नणंदेचा संबंध असू शकतो. हा आजार वडिलांकडूनही येतो. मुलीच्या वडिलांची आणि आत्याची तपासणी करा असं डॉक्टर बहुधा सांगतीलच.

प्रतिसाद :

लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. ही तपासणी जवळच्या कलेक्शन सेंटरवर देऊ नका. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत रेघेपर्यंत रक्त भरलं नाही तर आकडे चुकतात. त्याहून वाईट म्हणजे नळी तशीच बर्फात ठेवून दूरच्या लॅबला पाठवतात. सेंट्रिफ्यूज यंत्रात न फिरवलेलं रक्त थंड झालं की व्हॉन विलेब्रँड आणि फॅक्टर आठ खोटेच कमी दिसतात. ज्या रुग्णालयात गोठण तपासणीची लॅब आहे, तिथेच जाऊन रक्त द्या.

उलटंही होतं. ताप, धावपळ, सुई बघून रडारड, गरोदरपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, सगळ्यांनी पातळी वर जाते. पाळीसाठी हार्मोन सुरू करणार असाल तर जमल्यास आधी रक्त देऊन घ्या. पण तिचा त्रास अंगावर काढून तपासणीसाठी थांबू नका, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि 'ओ गट आहे म्हणून' हे उत्तर अर्धवट आहे. ओ गटात पातळी सरासरी पाव हिश्श्याने कमी असते हे खरं. पण २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० च्या खाली असेल तर आजार धरायचा, आणि ३० ते ५० असून रक्तस्रावाचा त्रास असेल तरीही धरायचा. गट कुठला ते त्यात बघत नाहीत. तुमच्या मुलीला त्रास आहे, तेव्हा हा रिपोर्ट फाइलला लावून विसरण्यातला नाही.

प्रतिसाद :

काउंटरवाल्याला सांगा, एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये या आजारावर पहिल्यांदा लिहिलं ते फिनलंडच्या ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबावरून, आणि त्यांच्याकडे आणलेली पेशंट पाच वर्षांची मुलगीच होती.

दाढेचं सांगते. पत्र येईपर्यंत दुखलं तरी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, दातांच्या डॉक्टरांना दुसरं काही मागा. डेस्मोप्रेसिन सगळ्यांना चालत नाही. आजाराच्या २बी प्रकारात त्याने प्लेटलेट घसरू शकतात, म्हणून आधी प्रकार ठरवतात आणि मग दाढेच्या दिवसाआधी एकदा देऊन बघतात. ते दिल्यावर पाणी किती प्यायचं यावरही बंधन असतं, हे नीट विचारून घ्या. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड (झालेली गुठळी टिकवून धरणारं औषध) सोबत देतात, दाढेनंतर त्याने चूळही भरायला लावतात.

जाताना रक्तस्रावाचा सगळा इतिहास कागदावर लिहून न्या. घोळणा किती मिनिटं वाहतो, पॅड किती वेळाने बदलावं लागतं, गुठळ्या केवढ्या पडतात. त्यावरून गुण देण्याची प्रश्नावली असते, आणि 'खूप जातं' याला तिथे गुण नाहीत.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. रुग्णसंघटनेशी बोलले. तिथल्या बाईंनी एका केंद्राचं नाव दिलं, नर्सला ते तिन्ही प्रश्न विचारले आणि तिन्हींना 'हो' मिळालं. लॅब त्यांच्याच इमारतीत आहे. मुलीच्या वडिलांचंही रक्त त्याच दिवशी घेणार आहेत. त्यांना कळल्यापासून ते सुईचा विषय निघाला की बाल्कनीत जाऊन उभे राहतात.

आता एकच विचारायचंय. लोहाची गोळी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) हे तिथेच बघतात की स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चालू ठेवायचं? दोन्हीकडून वेगवेगळ्या गोळ्या नकोत.